पासाऊ कोपऱ्यात नाही, संगमावर आहे

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘पासाऊचं प्रादेशिक स्थान’. तिकडे येतोच, पण आधी नद्या.

जर्मनीच्या नकाशात पासाऊ शोधायला गेलात की बोट खाली उजवीकडे, बव्हेरियाच्या कोपऱ्यात जातं. पलीकडे लगेच ऑस्ट्रिया. वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. मग लोक ‘सीमेवरचं गाव’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

पहिल्यांदा गेलो ते एका प्रवासी कंपनीबरोबर. त्यांनी गावाला चाळीस मिनिटं दिली, त्यातली पंचवीस जेवणात गेली. संगमाचं टोक दहा मिनिटांच्या चालीवर, आणि आम्हाला बसमध्ये बसवलं! तीन नद्या एका ठिकाणी मिळतात ते गाव दाखवायचं आणि संगमच दाखवायचा नाही. पंढरपूरला नेऊन चंद्रभागा न दाखवण्यासारखं झालं हे. तो राग मनात होता, म्हणून पुढच्या वर्षी एकटा गेलो आणि चार दिवस राहिलो.

जुनं गाव म्हणजे जमिनीची एक निमुळती जीभ आहे. डावीकडे डॅन्यूब, उजवीकडे इन. टोकाशी उभं राहिलात की समोर डावीकडून छोटी इल्त्स येते. बव्हेरियन जंगलातल्या दलदलीतून आल्यामुळे ती कोऱ्या चहासारखी काळसर. इन येते स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यातून. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड तिच्यात असते, म्हणून दुधाळ हिरवी. ही रंगांची सीमा पाण्यात बराच वेळ पुसली जात नाही. मी कठड्याला टेकून तासभर तेवढंच बघत होतो.

आता माझा आवडता मुद्दा. वर्षाची सरासरी काढली तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते. हिवाळ्यात आल्प्समधलं पाणी गोठलेलं असतं, तेव्हा डॅन्यूब मोठी. उन्हाळ्यात बर्फ वितळला की इन मोठी. तरी पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. टाळ्या नकोत, इनसाठी थोडी हळहळ असू द्या.

याच पाण्याचा हिशेब टाऊनहॉलच्या भिंतीवर आहे. पुराच्या रेघा आणि शेजारी सालं. २०१३च्या जूनमध्ये डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरवर गेली, १५०१ नंतरचा सर्वांत मोठा पूर. ती रेघ माझ्या डोक्याच्या खूप वर होती. पाणी ओसरल्यावर विद्यार्थ्यांनी फेसबुकवरून एकमेकांना गोळा केलं आणि घराघरांतला चिखल उपसला. विद्यापीठ १९७८ साली सुरू झालेलं. त्या दिवसांत ते गावाचं झालं असं मी मानतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, जाहीर केलेला विषय पाच मिनिटांत.

नद्या म्हणजे रस्ते. मध्ययुगात आल्प्सकडचं मीठ साल्झाख आणि इन या नद्यांवरून होड्यांनी पासाऊला उतरायचं, तिथून जनावरांच्या पाठीवर ‘सोनेरी वाटे’ने बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जायचं. ७३९ पासून इथे बिशपचं पीठ आहे. व्हिएन्ना १४६९ पर्यंत याच पीठाखाली होतं. तिथलं सेंट स्टीफन चर्च पासाऊच्या कॅथीड्रलच्याच संताचं नाव लावतं. हा काय कोपरा झाला?

१८०३ मध्ये बिशपांचं राज्य गेलं, गाव बव्हेरियात आलं. या भागाच्या, म्हणजे लोअर बव्हेरियाच्या, प्रशासनाचं मुख्यालय आज पासाऊला नाही, लान्ड्सहूट शहरात आहे. शीतयुद्धात उत्तरेला पोलादी पडदा होता, तेव्हा मात्र कोपरा खरोखर जाणवला असेल. १९९५ला ऑस्ट्रिया आणि २००४ला चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आले आणि जुन्या वाटा मोकळ्या झाल्या. आज आसपासच्या खेड्यांना मोठं इस्पितळ, विद्यापीठ, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफ कंपनीच्या कारखान्यातली नोकरी इथेच मिळते. व्हिएन्नाला जाणारी वेगवान आयसीई रेल्वेगाडी थांबते, डॅन्यूबवरची प्रवासी जहाजं इथूनच सुटतात. २०१५ मध्ये निर्वासित जर्मनीत शिरले तेही मोठ्या संख्येने इथूनच, कारण वाट इथूनच जाते.

कॅथीड्रलच्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत, त्याबद्दल बोलायचं राहिलं. चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे.