मोजणी मुलांकडे, खोदणी मोठ्यांकडे

(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. पाणी उतारावरून थेट नदीला जातं, मुरायला थांबत नाही. ते थांबवायला उताराला आडवे, एका पातळीतले चर खोदतात; हे काम पावसाआधी, म्हणजे नेमकं शाळेच्या सुट्टीत करावं लागतं. त्यामुळे गावातली आठवी ते बारावीची मुलं श्रमदानाला सहज मिळतात. त्यांच्या हातात कुदळ देऊन मीटरवर मीटर खोदून घ्यायचं, याला माझा स्पष्ट विरोध आहे. रोजगार हमीच्या कामाला १८ वर्षं पूर्ण लागतात, ते उगाच नाही. मुलांना आखणी द्या, म्हणजे चर जिथून जाणार ती एका पातळीतली रेषा जमिनीवर काढणं. सगळं काम तिथेच बिघडतं किंवा सुधारतं.

आखणीला ए-फ्रेम पुरते. सारख्या लांबीचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, खालच्या टोकांत दोन मीटर अंतर ठेवा, मध्ये आडवी पट्टी बांधा. शेंड्यापासून दोरीला दगड लावून ओळंबा सोडा. आता फ्रेम जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका आणि दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर फ्रेम ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे पाणसळ: दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका पातळीत. त्यानंतर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा; दोरी मध्यावर आली की तिथे खुंटी. खुंट्यांवरून फक्की टाकली की समपातळी रेषा तयार.

चुका ठरलेल्या असतात. दुपारच्या वाऱ्यात ओळंबा हलतो, म्हणून आखणी सकाळी साडेसहा ते साडेनऊ. उन्हासाठीही तीच वेळ बरी. बांधणी सैल झाली की पाय फाकतात आणि मधली खूण खोटी ठरते, म्हणून रोज सकाळी ती पुन्हा तपासायची. फ्रेमच्या एका पावलाला फक्त दोन सेंटिमीटर चूक, तीही एकाच बाजूला होत गेली, तर पंधरा पावलांत तीस सेंटिमीटर होते. चराची खोलीच तेवढी असते! साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल चर मीटरला १८० लिटर पाणी धरतो, पण तो सपाट असेल तरच. नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं आणि भराव फोडून घळ पाडतं.

खोदाई मोठ्यांनी करावी. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून; काठालगत टाकली तर पहिल्याच सरीत ती परत आत येते. काम माथ्यापासून पायथ्याकडे. खालून सुरुवात केलीत तर वरून येणारा लोंढा खालचे चर गाळाने भरून टाकेल.

ओघळीत दगडी बांध घालताना लहान दगड मुलांनी वेचायला हरकत नाही, पण हाताने उलथू नयेत. खाली विंचू असतो, फुरसं असतं. मोठ्यांपैकी कोणीतरी पहारीने दगड आधी हलवावा. पायात बूट हवेतच, चप्पल चालणार नाही. बांधाचा मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवला नाही तर पाणी बाजूने काठ कापत निघून जातं.

पहिला जोरदार पाऊस झाला की मुलांना घेऊन पुन्हा चरांवर जा. पाणी एका टोकाला साचलेलं दिसलं तर तिथपर्यंत चरात दर काही मीटरवर मातीचे आडवे अडथळे घाला आणि कुठल्या खुंटीपासून रेषा घसरली ते मुलांनाच फ्रेम लावून शोधू द्या.