भिंत बुजण्याआधीची नोंद

विजेच्या कामाची नोंद म्हटली की हस्तांतराच्या वेळी द्यायची जाडजूड फाइल डोळ्यांपुढे येते. ती शेवटच्या पंधरा दिवसांत बसून तयार केली, तर तिच्यात निम्मा अंदाजच असतो. तोवर कन्ड्युट (वायर ओवायच्या नळ्या) स्लॅबमध्ये गेलेले असतात, झिऱ्या (त्यांच्यासाठी भिंतीत कोरलेल्या खाचा) प्लास्टरखाली असतात आणि काम केलेला वायरमन दुसऱ्या साइटवर असतो. म्हणून वस्तू डोळ्यांना दिसते आहे तोवरच तिची नोंद व्हायला हवी.

सुरुवात झिरीपासून करू. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे दोन फोटो घ्यायचे: एक लांबून, खोलीचा कोपरा दिसेल असा, दुसरा जवळून, टेप लावून. इथे एक चूक हमखास होते. टेप कच्च्या जमिनीवरून लावतात. नंतर त्यावर कोबा येतो, फरशी येते, आणि कागदावरचं माप काही सेंटिमीटरनं खोटं ठरतं. भिंतीवर मारलेल्या लेव्हलच्या खुणेपासून मोजा. ती खूण तयार फरशीच्या पातळीवरून काढलेली असते. ‘डावी भिंत’ असंही लिहू नका. माणूस वळला की डावी उजवी होते. दारापासून घड्याळाच्या दिशेनं अ, ब, क, ड अशी नावं द्या.

ड्रॉइंगची साइटवरची दुरुस्तीची प्रत एकच असावी. बदल लाल पेनानं, तारखेसह, आणि कुणी सांगितला तेही लिहून. दोन प्रती झाल्या की थोड्याच दिवसांत दोन वेगळ्या इमारती तयार होतात, निदान कागदावर तरी!

केबलची लांबी ड्रॉइंगवर पट्टी ठेवून काढू नये. बहुतेक केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. एका टोकाला 412 आणि दुसऱ्याला 347 असेल, तर लांबी 65 मीटर. दोन्ही आकडे केबलच्या ड्रमच्या (रिळाच्या) क्रमांकासह तक्त्यात लिहा. जमिनीखालच्या केबलला खोली आणि दोन पक्क्या बिंदूंपासूनची अंतरं हवीत. मध्ये जॉइंट असेल तर त्याची जागा वेगळी नोंदवा, कारण पुढे दोष शोधताना संशय आधी तिथेच जातो.

आता मेगरकडे, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरकडे वळू, कारण कागद सर्वांत जास्त खोटं बोलतो तो इथे. 230/400 व्होल्टच्या सर्किटला 500 व्होल्ट डीसीवर चाचणी घेतात आणि किमान 1 मेगाओहम लागतो. तक्त्यात वीस सर्किट आणि वीसही ठिकाणी ‘100’ लिहिलेलं दिसलं, तर मोजमाप झालेलंच नाही असं खुशाल समजा. केबल जितकी लांब, तितके गळतीचे मार्ग जास्त आणि आकडा कमी. त्याच केबलचे 50 मीटर 400 मेगाओहम दाखवत असतील, तर 100 मीटर साधारण 200 दाखवतील. तापमान वाढलं की आकडा उतरतो. म्हणून आकड्यासोबत तारीख, तापमान, मीटरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत लिहावी. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं चाचणीआधी सोडवली होती का, हेही. जोडलेली राहिली तर चांगलं सर्किट नापास दिसतं, नाहीतर उपकरणच जातं.

आरसीडीपुढे (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचपुढे) ‘ठीक’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. साध्या प्रकारच्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीडीला तेवढ्याच प्रवाहावर वीज तोडायला 300 मिलिसेकंदांची मर्यादा असते. 28 आणि 280 दोन्ही पास, पण काही वर्षांनी पुन्हा मोजताना तो मूळ आकडाच उपयोगी पडतो. अर्थ पिटच्या (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याच्या) आकड्यापुढे माती ओली होती की कोरडी, आणि मोजताना पिट बाकीच्या अर्थिंगपासून सोडवला होता का, ते लिहा. जोडलेलाच असेल तर समांतर मार्गांमुळे आकडा उगाच गोंडस येतो.

डीबीच्या (सर्किटांना वीज वाटणाऱ्या पेटीच्या) दारामागचा तक्ता सर्वांत लवकर शिळा होतो. तिन्ही फेजवरचा भार सारखा करताना सर्किटं एका फेजवरून दुसऱ्यावर हलतात, तक्ता तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो म्हणून 10 चा काढून 20 अँपिअरचा बसवणं. आत वायर 1.5 चौरस मिलिमीटरचीच असेल, तर कन्ड्युटमधल्या त्या वायरला आता संरक्षण उरलेलं नाही. तक्त्यात एमसीबीच्या शेजारच्याच रकान्यात वायरचा आकार असेल, तर ही विसंगती निदान डोळ्यांत खुपते.

हस्तांतराआधी फाइल अशा माणसाच्या हाती द्या, ज्यानं तिथं काम केलेलं नाही. त्यानं प्रत्येक डीबीतली कुठलीही पाच सर्किटं निवडायची, एकेक एमसीबी पाडायचा आणि तक्ता म्हणतो तेच बंद होतं का, ते टेस्टरवर न विसंबता मीटरनं तपासायचं. एक जरी चुकलं, तर तो अख्खा डीबी पुन्हा पहिल्यापासून.