थोरल्याला पब, धाकट्याला शेत

नमस्कार श्रोतेहो.

एक प्रसंग कानांनी बघा. शेताचं फाटक करकरत उघडतं. पेंढा तुडवत कुणीतरी घाईने आत येतं. मेंढी अडलीय. थोडी धडपड, दबक्या आवाजात दोन सूचना, मग एक चिकट, ओला आवाज, आणि कोकरू जमिनीवर! आता याच वेळी बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत डोकावलात तर मेंढी कुठेच दिसणार नाही. ते फाटक म्हणजे एक जुनं इस्त्रीचं टेबल. आणि कोकरू? दह्यात भिजवलेलं फडकं.

हे सगळं चालतं बीबीसीच्या 'द आर्चर्स' या रेडिओ-मालिकेसाठी. गावाचं नाव अँब्रिज, परगणा बोर्सेटशायर. नकाशात शोधू नका, गाव खोटं आणि परगणाही खोटा. पण 1 जानेवारी 1951 पासून हे खोटं गाव सगळ्या ब्रिटनला ऐकू येतंय. जेमतेम तेरा मिनिटांचा भाग असतो. ऐकणाऱ्याच्या घरी नाताळ असला की अँब्रिजमध्येही नाताळ, बाहेर सुगी चालू असली की तिथेही सुगी. त्यामुळे तिथली माणसं ऐकणाऱ्याच्याच चालीने म्हातारी होतात.

सुरुवात मात्र नाटकासाठी झालीच नव्हती. 1948 साली बर्मिंगहॅममध्ये शेतकरी, शेतीखात्याचे अधिकारी आणि रेडिओवाले एकत्र बसले होते. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली तरी रेशनिंग चालूच होतं (मांसावरचं तर थेट 1954 मध्ये उठलं). उत्पादन वाढवायचं, नव्या पद्धती शेतकऱ्याच्या गळी उतरवायच्या. पण कृषिविषयक भाषणं ऐकतो कोण? आता मीही भाषणच करतोय, तेव्हा इथे जपून बोललेलं बरं! तेवढ्यात एक शेतकरी उठला आणि म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. डिक बार्टन हा त्या काळच्या रेडिओवरचा धाडसी हेर, रोज संध्याकाळी लोकांना खिळवून ठेवणारा. सगळे हसले. गॉडफ्रे बेझली नावाच्या निर्मात्याच्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. 1950 च्या मे महिन्यात त्याने पाच भाग करून पाहिले, आणि पुढे डिक बार्टनचीच वेळ आर्चर कुटुंबाने घेतली.

खतं आणि कीड यांच्या माहितीवर मालिका सत्तर वर्षं चालत नाही. मग ती चालली कशावर? माझं उत्तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. वाटणीवर.

आपल्याकडे बाप गेला की शेताचे तुकडे पडतात आणि बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. अँब्रिजच्या ब्रुकफील्ड फार्मवर तुकडे पाडत नाहीत. शेत अख्खं राहतं, एकाच्या हाती जातं, आणि बाकीची भावंडं जन्मभर हिशेब मांडत बसतात. पहिल्या पिढीत डॅन आर्चरचा थोरला मुलगा जॅक. त्याच्या वाट्याला आला गावातला 'द बुल' हा पब, आणि पुढे दारूही. शेत गेलं धाकट्या फिलकडे. फिलच्या मुलांतही तेच. थोरला केंटन समुद्रावर गेला, बोटीवर नोकरी केली, जग हिंडून परत आला आणि शेवटी कुठे स्थिरावला, तर त्याच 'बुल'मध्ये! शेत धाकट्या डेव्हिडकडे. लेखकांनी हे ठरवून केलं असेल, नसेल. मला तरी वाटतं, त्या घराचं जातं आपोआप तसंच फिरतं.

2001 मध्ये फिल निवृत्त झाला. त्याच वर्षी इंग्लंडभर लाळ्या-खुरकूतची साथ पसरली होती, आणि ऐन वेळी भागांत फेरफार करून ब्रुकफील्डचंही फाटक बंद करावं लागलं. घरात मात्र भांडण वेगळंच. कारभार डेव्हिडकडे आणि त्याची बायको रूथकडे जाणार म्हटल्यावर धाकटी बहीण एलिझाबेथ भडकली. तिचं म्हणणं साधं होतं: मी काय परकी?

आता पुढचं ऐका. 2 जानेवारी 2011. एलिझाबेथचा नवरा नायजेल नववर्षाचा फलक काढायला हवेलीच्या छपरावर चढतो. बाहेर वारा सुटलेला. चढ म्हणून त्याला टोचणारा कोण, तर डेव्हिड. नायजेल खाली कोसळतो. आपणच त्याला डिवचलं होतं हे डेव्हिड पुढे बहिणीला सांगतो, आणि जमिनीवरून एकदा दुखावलेलं ते नातं नवऱ्याच्या मरणावरून नव्याने तुटतं. हे समजायला श्रोत्याला दहा वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघरातलं भांडण आठवावं लागतं. आणि त्याला ते आठवतं! मालिकेची खरी कमाई ही.

केंटनची पाळी त्यानंतर आली. ब्रुकफील्ड विकून उत्तरेकडे, रूथच्या आईजवळ जायचं असं डेव्हिड-रूथने ठरवलं. विक्रीतून आपल्यालाही पैसे मिळणार या भरवशावर केंटनने 'बुल'वर खर्च करून ठेवला. 2015 च्या सुरुवातीला डेव्हिडचं मन फिरलं, विक्री रद्द झाली, आणि केंटनने भावाशी उभा दावा मांडला. डेव्हिडने वाडवडिलांची जमीन राखली म्हणून बरेच जण खूश झाले असतील. मी त्या वेळी केंटनच्या बाजूने होतो. जमीन राखणाऱ्याचा मोठेपणा सगळ्यांना दिसतो, कर्ज त्याच्या भावाच्या उरावर बसतं.

दुसऱ्या एका घरातली गोष्ट याहून काळी आहे. ब्रिज फार्मवरची हेलन चीज बनवते. तिचा नवरा रॉब गोडबोल्या. हे कपडे नकोत, ती मैत्रीण नको, गाडी तू चालवू नकोस, तुझ्या लक्षात काही राहत नाही गं. असं दोन वर्षांहून जास्त काळ, थेंबाथेंबाने. तिसरा माणूस खोलीत आला की रॉबचा सूर बदलायचा. हेलनच्या आईलाही पत्ता नव्हता. माहीत होतं फक्त ऐकणाऱ्याला, आणि त्याला तर तोंडच नाही. मारल्याचा वळ कुठेच नसलेला हा छळ पडद्यापेक्षा कानाला जास्त बोचतो, असं माझं मत. 2015 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये असा मानसिक जाच कायद्याने गुन्हा ठरला होता. 3 एप्रिल 2016 च्या भागात हेलनच्या हाती सुरी आली, आणि तिने ती रॉबवर चालवली. सप्टेंबरमध्ये ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. मधल्या काळात श्रोत्यांनी खऱ्याखुऱ्या पीडित स्त्रियांसाठी एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली होती.

हेलन-रॉबच्या बाळाच्या नावावरूनही ओढाताण झाली. बाप म्हणे गिडियन, आई म्हणे जॅक. टिकलं जॅक. म्हणजे हेलनच्या आजोबांचं, त्या पबवाल्या थोरल्याचं नाव.

त्या पहिल्या जॅकची बायको पेगी. लंडनहून या गावात आलेली सून. 2019 मध्ये म्हाताऱ्या पेगीने पाच लाख पौंड गावच्या निसर्गासाठी बाजूला काढायचं ठरवलं, तेव्हा मुला-नातवंडांचे चेहरे कसे झाले असतील ते रेडिओवरही दिसलं. पेगीचा आवाज होता जून स्पेन्सर या अभिनेत्रीचा. मधली काही वर्षं सोडली, तर 1950 च्या त्या पहिल्या पाच भागांपासून 2022 पर्यंत. सुरुवातीला तरुण सून म्हणून बोलल्या, थांबल्या तेव्हा पेगी पणजी झाली होती आणि स्पेन्सरबाई 103 वर्षांच्या.

नमस्कार.