माळावरचे 230 जण

नमस्कार श्रोतेहो.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. आज मी विम्बल्डनबद्दलच बोलणार आहे, पण टेनिसबद्दल एक अक्षर नाही. लंडनच्या नैर्ऋत्येकडच्या याच उपनगरात एक फुटबॉल क्लब आहे. एएफसी विम्बल्डन. जन्म 2002 सालचा. इंग्लंडमध्ये जिथे शंभर-सव्वाशे वर्षांचे क्लब गल्लोगल्ली आहेत, तिथे हे कालचं पोर. या पोरानं नवव्या पायरीवरून सुरुवात केली आणि 9 वर्षांत 5 वेळा वरच्या श्रेणीत चढून व्यावसायिक लीग गाठली. आकडे सोपे आहेत, लक्षात ठेवा: नववी पायरी, 9 वर्षं, 5 बढत्या.

इंग्लंडची फुटबॉल लीग म्हणजे एक उंच जिना. वर प्रीमियर लीग, खाली एकेक पायरी. जिंकलात तर वर, तळाला राहिलात तर खाली. पैसे भरून मधल्याच पायरीवर पाय ठेवता येत नाही. नियमांबद्दल आज एवढंच पुरे, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे. या क्लबचा विषय निघाला की मी ती सांगतोच.

या गावात आधी एक जुना क्लब होता, विम्बल्डन एफसी. 1889 सालचा. प्लाऊ लेन नावाचं त्यांचं लहानसं मैदान. 1988 मध्ये या क्लबनं एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात लिव्हरपूलला 1-0 हरवलं होतं. गोलकीपर डेव्ह बेझंटनं त्या दिवशी पेनल्टी अडवली. एफए कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. पण 1991 मध्ये प्लाऊ लेन सुटलं आणि क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाड्यानं खेळू लागला. पुढे मालकांनी ठरवलं की क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचा. मिल्टन कीन्स म्हणजे उत्तरेला, जवळपास 90 किलोमीटरवर. फुटबॉल संघटनेनं तीन जणांचा आयोग नेमला. 28 मे 2002 ला निकाल आला. दोन विरुद्ध एक, क्लब जाऊ शकतो. आणि विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढण्याबद्दल अहवालात लिहिलं होतं की ते फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

आता लक्ष द्या. निकाल 28 मे. त्यानंतर फक्त दोन दिवसांनी, 30 मे ला संध्याकाळी, समर्थक तिथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये जमले. कोर्टात जायचं का, निदर्शनं चालू ठेवायची का, असे प्रश्न होते. निदर्शनं तर ते महिनोन्‌महिने करतच होते. समर्थक संघटनेचे क्रिस स्टुअर्ट उठले आणि त्यांनी एवढंच सांगितलं की मला आता फक्त फुटबॉल बघायचाय.

श्रोतेहो, हे वाक्य मला फार मोठं वाटतं. लढून लढून थकलेला माणूस शेवटी ज्या कारणासाठी लढायला निघाला होता, तेच मागतो. मला फक्त फुटबॉल बघायचाय. त्याच संध्याकाळी नवा क्लब काढायचं ठरलं.

ठरलं खरं, पण हातात होतं काय? मैदान नाही, प्रशिक्षक नाही, खेळाडू एकही नाही. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होणार. जर्सी, नोंदणी, लीगमध्ये प्रवेश, सगळं उभं करायचं ते नोकरी-धंदा सांभाळून. प्रशिक्षक म्हणून टेरी ईम्स आले. खेळाडू कुठून आणायचे? जाहीर करून टाकलं: ज्याचा सध्या कुठल्याही क्लबशी करार नाही आणि ज्याला वाटतं की आपण खेळू शकतो, त्यानं यावं. कुठे यावं? विम्बल्डन कॉमनवर. कॉमन म्हणजे गावाचं मोकळं माळरान. लोक तिथे कुत्री फिरवतात, घोडे पळवतात. ना गॅलरी, ना कुंपण.

29 जून 2002. सभेला बरोबर 30 दिवस झाले होते. किती जण आले असतील? 230. पुन्हा सांगतो, दोनशे तीस! ज्या क्लबकडे स्वतःचा चेंडू ठेवायला खोली नव्हती, त्या क्लबसाठी खेळायला 230 जण माळावर उभे राहिले.

मी कॉलेजात असताना निवड चाचणीच्या रांगेत उभा राहिलो आहे. नाव पुकारलं जाईपर्यंत माणूस बुटाची नाडी तीन वेळा सोडतो आणि तीन वेळा बांधतो. शेजारचा पोरगा वॉर्मअपला चेंडू किती वेळ हवेत ठेवतोय, हे न बघितल्यासारखं करून बघत राहतो. पाय गार पडतात. आणि चेंडू पहिल्यांदा आपल्याकडे येतो तेव्हा तो नेहमीपेक्षा जड लागतो. त्या माळावर अशी 230 माणसं होती, आणि त्यांच्यातूनच पहिल्या हंगामाचा संघ निवडायचा होता. त्यांच्या बाजूनं कोणी फारसं लिहिलेलं नाही, पण मला नेहमी वाटतं की त्या दिवशी निवड न झालेल्यांनीही हा क्लब उभा केला. संघ निवडायचा तर निवडायला माणसं लागतात.

पहिला सामना 10 जुलैला, शेजारच्या सटन युनायटेडविरुद्ध. मैत्रीपूर्ण सामना. निकाल? 4-0 हरले. प्रेक्षक? 4,657. गर्दी आत घ्यायला इतका वेळ लागला की सामना उशिरा सुरू करावा लागला. मग 17 ऑगस्टला पहिला लीग सामना, सँडहर्स्ट टाऊनच्या मैदानावर. जिथे एरवी मोजकी माणसं येतात, तिथे 2,449 आली. 2-1 जिंकले.

ही झाली माझी गोष्ट. पुढचं भराभर सांगतो.

पहिल्या वर्षी 46 सामन्यांत 111 गुण मिळवूनही तिसरा क्रमांक आला, वर जाता आलं नाही. दुसऱ्या वर्षी 46 पैकी 42 जिंकले, 4 बरोबरीत, हार एकही नाही. लीगमधले सलग 78 सामने हा संघ हरला नाही, आणि इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉलमधला तो विक्रम झाला. 2004, 2005, 2008, 2009 अशा एकेक पायऱ्या चढल्या.

मध्ये 2007 मध्ये मोठा फटका बसला. जर्मेन डार्लिंग्टन नावाचा खेळाडू आधी वेल्समधल्या क्लबकडे होता. वेल्सची संघटना वेगळी, त्यामुळे आंतरराष्ट्रीय हस्तांतराचा दाखला लागतो. तो घ्यायचा राहून गेला आणि 18 गुण कापले गेले. अपिलात ते 3 वर आले म्हणून बरं. मी कुठल्याही क्लबच्या पदाधिकाऱ्यांना भेटलो की हेच सांगतो: तुमच्याकडे चांगला स्ट्रायकर नसेल तर एक वेळ चालेल, पण फाइली नीट ठेवणारा चिटणीस हवाच. वेळेवर अर्ज भरणारा, प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवणारा. अशा माणसांना कोणी हार घालत नाही. घालायला पाहिजे.

2010 मध्ये खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले. 21 मे 2011 ला मँचेस्टरमध्ये ल्यूटन टाऊनविरुद्ध अंतिम प्ले-ऑफ, म्हणजे वर कोण जाणार ते ठरवणारा सामना. जादा वेळेनंतरही 0-0. पेनल्टी शूटआउट. गोलकीपर सेब ब्राऊन लहानपणापासून विम्बल्डनचा समर्थक. त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची पेनल्टी कर्णधार डॅनी केडवेलनं मारली आणि 4-3 नं क्लब फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे त्या व्यावसायिक लीगमध्ये पोचला. ही पाचवी बढती. पेनल्टी शूटआउट रेडिओवरच ऐकावं, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवर चेंडू दिसतो. रेडिओवर निवेदक श्वास घेतो ती एक सेकंदाची शांतता ऐकू येते, आणि त्या शांततेत ऐकणारा प्रत्येक जण गोलमध्ये उभा असतो.

मग 2016. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर प्लिमथच्या संघाला 2-0 हरवून आणखी एक पायरी. तारीख बघा: 30 मे. सभा झाली 30 मे 2002 ला, वेम्बली जिंकलं 30 मे 2016 ला. बरोबर 14 वर्षं. 2022 मध्ये क्लब एक पायरी खाली आला आणि 2025 मध्ये पुन्हा वर गेला.

पण मला शेवटी 2020 बद्दल सांगायचंय. आधीची बरीच वर्षं क्लब किंग्स्टनमधल्या मैदानावर खेळत होता. समर्थकांचा ट्रस्ट या क्लबचा मालक. नवं स्टेडियम बांधताना पैसे कमी पडले तेव्हा समर्थकांनी रोखे घेऊन 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. जागा कुठली? प्लाऊ लेन. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, जिथे पूर्वी कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या.

3 नोव्हेंबर 2020 ला डॉनकास्टरविरुद्ध तिथला पहिला सामना झाला. जो पिगॉटनं नव्या मैदानावरचा पहिला गोल केला. सामना 2-2 बरोबरीत सुटला. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ज्यांनी 29 वर्षं या जागेची वाट पाहिली, ज्यांनी वीट न्‌ वीट आपल्या पैशानं उभी केली, ती माणसं त्या रात्री आपापल्या घरी बसून सामना ऐकत होती, बघत होती. आणि त्यांच्या खुर्च्या प्लाऊ लेनवर दिव्यांच्या उजेडात रिकाम्या होत्या.

नमस्कार.