ओटीपोटातली कळ

(दृश्य: हर्णै बंदर. मासळीचा लिलाव.)

लिलाव लागला की इथल्या बायांना उसंत नसते. टोपल्या उतरतात, बोली चढते, बर्फ घालायचा असतो. यातल्या काहीजणींची आज पाळी असणारच. ओटीपोटात कळ आली तरी पाटी उचलावीच लागते. विचारलं, तर एकच उत्तर: "बाईच्या जल्माला हे असायचंच."

असायचंच, पण का?

गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो. तीच कळ. याच रसायनांनी आतडीही ढवळतात. त्या दिवसांतल्या मळमळीचा, जुलाबाचा आळ उगाच कालच्या कोलंबीवर जातो!

(दृश्य: औषधाचं दुकान.)

अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं बनूच देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड याच कुळातली. आता गंमत बघा. औषधाचं काम रसायन बनू न देण्याचं, आणि आपण गोळी घेतो ती अगदी सोसवेनासं झाल्यावर. कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घेतलेली गोळी जास्त कामाची. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळीनंतर ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर ती बंद करून दवाखाना गाठायचा.

शेकण्यानंही खरंच आराम पडतो. आजीचं ते बरोबरच होतं.

तिचं दुसरं म्हणणं, "लग्न झालं, पोर झालं की थांबतं", अर्धंच खरं. साधी पाळीची कळ दोन-तीन दिवसांत सरते आणि वयाबरोबर बऱ्याचदा कमी होते. पण दर महिन्याला वाढत जाणारं, पाळी नसतानाही उठणारं, संबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी होणारं दुखणं वेगळं. त्यामागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो. जगात प्रजननाच्या वयातल्या दहांपैकी साधारण एकीला तो असतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसतच नाही.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.)

तारखेवर खूण तर आपण करतोच. त्याशेजारी किती दुखलं, गोळी लागली का, कामाला किंवा शाळेला खाडा पडला का, एवढं लिहायचं. तीन महिन्यांची ती पानं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणाले, तर पानं पुढे करायची आणि विचारायचं, मग हे कशानं?