५५ मिलिमीटर

(दृश्य: गच्ची, संध्याकाळ. सहा इंची न्यूटोनियन दुर्बीण. हात नेत्रिका काढतात.)

निवेदन:
इतके दिवस या दुर्बिणीतून आपण डोळ्यांनी पाहिलं. आज नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी कॅमेरा बसणार आहे. कॅमेऱ्याची स्वतःची लेन्सही काढून ठेवायची. आता दुर्बीण हीच त्याची लेन्स, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची.

जोडणीला दोनच तुकडे लागतात. टी-रिंग एका बाजूने कॅमेऱ्यावर लेन्ससारखी फिरून खटकन बसते. दुसऱ्या बाजूला ४२ मिलिमीटरचे बारीक आटे असतात. त्यांवर नोजपीसची नळी फिरवायची, फोकसरमध्ये, म्हणजे नेत्रिका पुढेमागे करणाऱ्या भागात, सरकवायची आणि स्क्रू आवळायचा. नळी शक्यतो दोन इंचीच घ्या. सव्वा इंचीत मोठ्या सेन्सरचे कोपरे काळवंडतात.

(दृश्य: कॅमेऱ्याचा पडदा. पांढरा, पसरट डाग.)

हा चंद्र आहे. फोकसर आत नेला की डाग लहान होत जातो, कडा जरा दिसू लागते, आणि तेवढ्यात फोकसर टेकतो. पुढे जागाच नाही. इथे कितीतरी जण दुर्बिणीत दोष आहे असं समजून कॅमेरा काढून ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दुर्बीण अगदी ठीक असते.

कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, ४४ मिलिमीटर आत असतो. वर टी-रिंगचे ११. निकॉनमध्ये साडेशेहेचाळीस अधिक साडेआठ. दोन्हीकडे बेरीज ५५. म्हणजे फोकसर पूर्ण आत नेला तरी सेन्सर त्याच्या तोंडापासून साडेपाच सेंटिमीटर मागेच राहतो. नेत्रिकेसाठी बांधलेल्या दुर्बिणीत प्रकाश त्याच्या बराच अलीकडे एकवटतो.

मध्ये बार्लो लेन्स, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग, लावली की तो बिंदू मागे सरकतो. चंद्रासाठी हा उपाय छानच: सात मिलिमीटरचं बिंब दुप्पट होतं आणि पंधरा मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर जेमतेम मावतं. तेजोमेघासाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगासाठी, मात्र तोच प्रकाश चौपट जागेत पसरून फिका पडतो. तिथे खरा इलाज म्हणजे लांब बोल्ट लावून मुख्य आरसाच दुर्बिणीच्या नळीत थोडा वर घ्यायचा. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर माउंटच्या जवळ असतो, पण त्याची नेहमीची टी-रिंग मुद्दाम लांब केलेली असते. कडेचे तारे नीट करणाऱ्या बऱ्याच करेक्टर लेन्स ५५ मिलिमीटर धरूनच घडवलेल्या असतात ना!

(दृश्य: माळरान, रेल्वेचे रूळ.)

सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला इथे तळ ठोकून होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही आले होते, ४० फुटी कॅमेरा घेऊन. त्याची लेन्स एका जागी स्थिर, आणि सूर्याच्या चालीने सरकत होती ती मागची फोटोची काच. एवढ्या लांबीमुळे सूर्याचं बिंब चार इंचांहून मोठं मिळत असे. नेत्रिका तिथेही नव्हतीच. लेन्स, काच आणि मधलं नेमकं अंतर, बस्स.

(दृश्य: पुन्हा गच्ची, रात्र.)

आपल्याकडे सरकते ती अख्खी दुर्बीण. या नाभीय अंतराला मृगातला तारा सेकंदात बारा-तेरा पिक्सेल पळतो, म्हणून आकाशाच्या चालीने दुर्बीण फिरवणारी बैठक, म्हणजे इक्वेटोरियल माउंट, हवंच. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, त्यामुळे उत्तरेला इमारत किंवा डोंगर नसलेली जागा आधीच हेरून ठेवावी. कॅमेऱ्याचं वजन वाढलं की तोलही बदलतो. क्लच सैल करून, वजनं सरकवून तो पुन्हा साधायचा. कॅमेऱ्याचा पट्टा माउंटला बांधून टाका. स्क्रू सैल राहिला तर तेवढाच आधार.

आता व्याधाचा तेजस्वी तारा. पडद्यावर दहापट मोठा करून पाहा. फोकसर केसभर फिरवायचा, हात काढायचा, थरथर थांबू द्यायची, मग पुन्हा केसभर. गोळा आक्रसत आक्रसत टिंब होतो. जरा पुढे गेलात की पुन्हा फुगतो. मागे या. फोकसरचा स्क्रू हलक्या हाताने आवळा, टिंब तसंच आहे ना ते पाहा, आणि मगच दुर्बीण मृगातल्या तीन ताऱ्यांच्या त्रिकांड बाणाच्या खाली, तेजोमेघाच्या त्या अंधूक धुराकडे वळवा.

(दृश्य: शटरचा आवाज. ३० सेकंद काळोख.)