वडील पहाटे उठून गेले होते

नमस्कार श्रोतेहो.

आज एका छोट्या कादंबरीबद्दल बोलायचं आहे. इतकी छोटी की पुण्याहून सकाळी गाडीत बसलात तर दादर यायच्या आत वाचून होईल. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची ‘लेत्रांजे’. इंग्रजीत तिला दोन नावं मिळाली, ‘द आउटसायडर’ आणि ‘द स्ट्रेंजर’, कारण मूळ फ्रेंच शब्दाच्या पोटात परका, अनोळखी, परदेशी असे तिन्ही अर्थ आहेत. १९४२ साली, पॅरिसमध्ये जर्मन फौजा असताना ती प्रसिद्ध झाली.

गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या अल्जिरियातल्या अल्जिअर्स शहरातला मर्सो नावाचा एक कारकून. वृद्धाश्रमातून तार येते, आई वारली. तो जातो. रात्रभर शवपेटीशेजारी बसतो, दूध घातलेली कॉफी पितो, सिगारेट ओढतो. रडत नाही. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. त्यामुळे ती कॉफी आपल्याला किती खुपते, हे मी वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तो समुद्रात पोहतो, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढे एका रणरणत्या दुपारी किनाऱ्यावर एका अरब माणसाला गोळी घालतो. एक गोळी. मग जरा थांबून आणखी चार. खटला उभा राहतो, आणि कोर्टात ऊहापोह होतो तो आईच्या अंत्यविधीला हा रडला का नाही, याचा. शिक्षा होते ती शिरच्छेदाची.

या कादंबरीचं नाव निघालं की पाठोपाठ दोन शब्द येतात, अस्तित्ववाद आणि असंगतवाद. ते थोडक्यात सांगतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसला एक गाजलेलं भाषण केलं. त्याचं म्हणणं असं की माणूस आधी असतो आणि मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो, वरून कुणी त्याचा साचा पाठवलेला नसतो. हा अस्तित्ववाद. काम्यूने मात्र त्याच वर्षी स्वच्छ सांगितलं की मी अस्तित्ववादी नाही. त्याचा शब्द होता असंगती. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं. असंगती एकट्या माणसात नाही, एकट्या जगातही नाही, ती त्या मागण्याच्या आणि त्या गप्प राहण्याच्या मध्ये आहे. पुन्हा सांगतो, मध्ये आहे. सिसिफस या ग्रीक पुराणकथेतल्या माणसावरच्या निबंधात त्याने हेच मांडलं, तोही १९४२ सालचाच.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. कादंबरीचं पहिलंच वाक्य आई वारल्याचं आहे, आणि ते मराठीत आणणं फार अवघड आहे. आपण म्हणतो ‘आई गेली’. ‘वारली’ म्हणतो, ‘देवाघरी गेली’ म्हणतो. मर्सोचा फ्रेंच शब्द मात्र सरळ ‘मेली’ असा आहे, आणि तो फ्रेंच कानाला मुळीच उद्धट वाटत नाही. मराठीत आईबद्दल ‘मेली’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि ‘गेली’ म्हटलं की मर्सो उगाच हळवा होतो. दुसरीकडे तो आईला ‘मामां’ म्हणतो, लहान मूल म्हणतं तसं. त्या हाकेवर इंग्रजी अनुवादक वर्षानुवर्षं अडले. १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने शेवटी तो फ्रेंच शब्दच तसाच ठेवला. आपल्याकडे ‘आई’ तयार आहे, लहानाची आणि थोराचीही. म्हणून माझं ठाम मत आहे की फ्रेंच पुस्तक मराठीत फ्रेंचमधूनच यावं. इंग्रजीवरून येताना अशा हाका वाटेत हरवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथे बसलो आहे, ती सांगतो.

अल्जिअर्समध्ये बेलकूर नावाची कामगारवस्ती होती. तिथल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात काम्यू वाढला. घरात आजी, मामा, मोठा भाऊ आणि आई. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. ती लोकांच्या घरची धुणीभांडी, साफसफाई करायची. वडील नव्हते. पहिल्या महायुद्धात मार्नच्या लढाईत ते जखमी झाले आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये गेले. तिशीही गाठली नव्हती. मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता. रुग्णालयाने त्यांच्या बायकोला एक वस्तू पाठवली, त्यांच्या देहात सापडलेला तोफगोळ्याचा तुकडा. तो तिने एका डब्यात जपून ठेवला. आपल्या घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक जुना डबा असतो ना, कुणी सहसा न उघडणारा, तसाच तो.

म्हणजे वडिलांचं मुलाजवळ काय होतं? तो तुकडा, आणि एक गोष्ट. एकच गोष्ट.

गोष्ट अशी. युद्धाच्या थोडं आधी अल्जिअर्समध्ये एका माणसाला देहदंड झाला. त्याने एक अख्खं शेतकरी कुटुंब मारलं होतं, लेकरांसकट. शहरात संताप होता. लोक म्हणत, याला नुसता शिरच्छेद म्हणजे कमीच शिक्षा. काम्यूचे वडीलही संतापले होते. लहान मुलांना मारलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्या काळी गिलोटीन, म्हणजे मान उडवण्याचं यंत्र, उघड्यावर चाले. फ्रान्समध्ये ते थेट १९३९ पर्यंत लोकांसमोर चाललं. वडिलांनी ठरवलं, जायचं. आयुष्यात पहिल्यांदाच ते असलं काही बघायला निघाले होते.

पहाटे अंधारात उठले. वधाची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर गेले, मोठ्या गर्दीत उभे राहिले. तिथे त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, कुणालाच नाही. बायकोला इतकंच आठवत होतं की ते घाईघाईने घरात आले, चेहरा पार बदललेला, एक अक्षर बोलले नाहीत. क्षणभर पलंगावर पडले आणि एकाएकी त्यांना उलट्या सुरू झाल्या.

बस. एवढीच गोष्ट.

लेकरांच्या खुन्याला शिक्षा व्हावी म्हणून रागाने घराबाहेर पडलेला साधा, सरळ माणूस. परत आला तेव्हा त्याला ती लेकरं आठवत नव्हती. गिलोटीनच्या फळीवर आडवा टाकलेला तो थरथरता देह तेवढा डोळ्यांपुढे होता.

ही गोष्ट काम्यूने आयुष्यात तीन वेळा लिहिली. तीन वेळा. पहिल्यांदा ‘लेत्रांजे’मध्ये. कोठडीत मर्सो म्हणतो, वडिलांबद्दल मला ठाऊक आहे ती आईने सांगितलेली एवढी एकच हकीकत. लहानपणी ती ऐकून मला त्यांची थोडी किळसच वाटली होती, आता वाटतं ते अगदी स्वाभाविक होतं. दुसऱ्यांदा १९५७ साली, देहदंडाविरुद्धच्या निबंधाच्या अगदी सुरुवातीला. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. तिसऱ्यांदा एका अपुऱ्या कादंबरीत. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार झाडावर आदळून काम्यू गेला. वय ४६. अपघाताच्या जागी एक पिशवी सापडली, तिच्यात हस्तलिखिताची १४४ पानं होती. त्या पानांत आजी हीच गोष्ट नातवाला सांगते. ते पुस्तक त्याच्या मुलीने १९९४ साली छापलं.

म्हणून मी म्हणतो, ‘लेत्रांजे’ तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून उगवलेली नाही. ती त्या पलंगापासून सुरू होते.

आणि तिथेच माझा जीव अडकतो. मरणाऱ्या खुन्यासाठी एका माणसाचं पोट ढवळून निघालं, आणि ते त्याच्या मुलाने जन्मभर जपलं. पण वाळूवर मरून पडलेल्या त्या अरबाचं काय? त्याला कादंबरीत नाव नाही. ज्या बाईवरून भांडण पेटलं, तिलाही नाव नाही. खटल्यात एकाही अरबाची साक्ष होत नाही. मर्सोला खरोखर कशाबद्दल शिक्षा झाली, हे आठवा. आईसाठी न रडल्याबद्दल.

हे कळायला अल्जिरिया कळावा लागतो. १८३० साली फ्रेंच फौजा तिथे उतरल्या. १८४८ मध्ये अल्जिरिया कागदोपत्री फ्रान्सचाच भाग झाला, त्याचे तीन जिल्हे पाडले. पण तिथल्या मुसलमानांना बरोबरीचं नागरिकत्व नव्हतं. १८८१ पासून त्यांच्यासाठी वेगळे नियम होते, अंमलदार खटल्याशिवाय त्यांना दंड ठोठावू शकत. अशा देशात अरबाला मारलं म्हणून एका गोऱ्याचं डोकं उडवतील, हे पटणं कठीण. अनेक समीक्षकांनी कादंबरीतल्या याच जागेवर बोट ठेवलं आहे.

काम्यूला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. १९३९ साली वार्ताहर म्हणून तो अल्जिरियातल्याच काबिली प्रदेशात फिरला. तिझी-उझू गावात एका पहाटे त्याने पाहिलं, फाटक्या कपड्यांतली मुलं उकिरड्यातल्या खरकट्यासाठी कुत्र्यांशी झोंबत होती. ते त्याने वर्तमानपत्रात छापलं. आणि त्यानंतर वर्षभरात लिहून झालेल्या कादंबरीत मात्र मेलेल्या माणसाला नाव दिलं नाही. माझं या लेखकावर मनापासून प्रेम आहे, तरीही ही रिकामी जागा मला दर वाचनात बोचते.

ती जागा भरली एका अल्जिरियन लेखकाने, २०१३ साली. कामेल दाऊद त्याचं नाव. त्याच्या कादंबरीत त्या मेलेल्या अरबाचा धाकटा भाऊ हारून बोलतो. मोठ्या भावाला तो नाव देतो, मूसा. आणि सुरुवातीलाच सांगतो की त्याची आई अजून जिवंत आहे.

दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा. आधी काम्यू, मग दाऊद. काम्यूच्या दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणात मर्सोला वडील आठवतात. ते पान आलं की घाई करू नका, ते दोनदा वाचा.

नमस्कार.